‘कुली’ हा शब्द म्हणे आमच्यावरून आला

सरांनी आपली बॅग माझ्या बाच्या खांद्यावर अडकवली. मग पोरांकडे वळून म्हणाले, "परवा वर्गात शिकवलं ना? हा बघा. ओरिजनल कुली."

पोरं हसली. बा पण हसला. त्याला हमाल ठाऊक, कुली नाही.

जुन्नरच्या आमच्या कॉलेजची सहल नाणेघाट बघायला आली होती. मी अकरावीत, होस्टेलला राहणारी. आणि सहल माझ्याच गावात, घाटघरला. आम्ही महादेव कोळी.

परवा म्हणजे इंग्रजीच्या तासाला. आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द चालले होते. सरांनी जाडजूड डिक्शनरी उघडली. "कुली. कोळी जमातीवरून आलेला शब्द. ओझी वाहणं तुझ्या नावातच आहे गं!" अख्खा वर्ग मागच्या बाकाकडे वळला. तिथून पुढं मी कुलीच. ए कुली, फळा पूस. ए कुली, दप्तर धर.

तास संपल्यावर मी तीच डिक्शनरी उघडली. बोट लावून वाचली. कोळी होतं, पण आधी ‘बहुधा’ होतं. शेजारी तमिळ शब्दही होता, मजुरी अशा अर्थाचा. लिहिणाऱ्यानं निदान ‘बहुधा’ लिहिण्याची लाज ठेवली होती. शिकवणाऱ्यानं तीही ठेवली नाही.

आता बाचा खांदा. आमच्याकडं रीत आहे. पाव्हणा शिवेवर आला की त्याच्या हातातलं ओझं घरच्यानं घ्यायचं. पाव्हण्यानं मोकळ्या हातानं घरी यायचं. लेकीचे सर येणार म्हणून बा त्या दिवशी हिरडा गोळा करायला गेला नव्हता. धुतलेला सदरा घालून शिवेवर उभा होता. खांदा त्यानंच पुढं केला होता, मानानं. त्या खांद्यावर यांनी शिवी टांगली.

मी बॅग काढली. सरांच्या पायाशी ठेवली.

"सर, बा कुली नाही. तुमची बॅग तुम्ही उचला."

"येडी झालीस का पोरी? पावण्याचं वझं खाली ठिवत्यात व्हय?" बा परत वाकला. मी बॅगेच्या पट्ट्यावर पाय दिला.

सोमवारी सरांचा निरोप आला. वर्गासमोर माफी माग, नाहीतर होस्टेल सोड. बा धावत आला. सरांच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"पोरीला वळण लावा जरा," सर म्हणाले.

"व्हय साहेब."

मी माफी मागितली नाही. पेटी उचलली. बानं ती माझ्या हातातून घेतली, डोक्यावर ठेवली. एसटी स्टँडच्या वाटेवर विचारलं, "कुली म्हंजी काय गं? सर म्हनत व्हतं त्ये?"

मी सांगितलं. सगळं.

बा थांबला. पेटी डोक्यावरच. म्हणाला, "मंग म्या हासलो कशापायी?"



बा पुन्हा कधी शिवेवर गेला नाही. जावई आला तरी उंबऱ्याआतच बसून राहिला.

आता शिवेवर मी उभी असते. सहली येतात, जीपगाड्या येतात. तहानलेल्याला पाणी देते. ओझं घेत नाही, कुणाचंच. ज्यानं त्यानं आपलं उचलावं. आणि तो शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्यानं तिथूनच मागं फिरावं. माझ्या बाच्या उंबऱ्यापर्यंत त्याला मी पोचू देणार नाही.