साजिदभाईंच्या कॅफेतली गोंदणारीण

साजिदभाईंच्या कॅफेतले किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो. एक संपत नाही तोवर कोणीतरी म्हणतंच, "अरे, दिन्याचा सांग की!" म्हणून आज सरळ दिन्यापासूनच सुरुवात करतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडला एसटी स्टँडजवळ भाईंचे तीन कॉम्प्युटर होते. त्यांच्या भावाने मस्कतहून एका गेमची सीडी आणली. गेम पत्त्यांचा, पण त्यात राजा-राणी नाहीत. योद्धे, राक्षस, उडते साप. त्यातच एक जादूगार बाई होती. अंगभर नक्षी, हातात सुई. इंग्रजी नाव एवढं लांबलचक की कोणाला धड वाचता येईना. दिन्या म्हणाला, "ही तर गोंदणारीण." झालं, तेच नाव पडलं.

*

दिन्या आंबेनळीकडच्या वरच्या वाडीतला. घरी म्हशी, शेती. आयटीआयसाठी खाली यायचा. हातात गोंदणारणीचा पत्ता आला की हा आधी चपला काढायचा.

भाई वैतागायचे, "अरे, गेम आहे तो, दर्गा नाही आणि देऊळही नाही."

"आमच्याकडं गोंदणारीण दारात आली की आय सुपातून तांदूळ घालते," दिन्या म्हणायचा. "मी नुसत्या चपला काढतो."

*

एकदा गोंदणारणीच्या जोरावर तो जिंकत आला आणि लाइट गेली. दिन्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. "भाई, ती आता कुठं गेली असंल?"

"पोलादपूरला. तिथं लाइट असेल."

"तिथं तर सकाळपासून नाय," दिन्या गंभीरपणे म्हणाला. हसून हसून आमची पोटं दुखली.

*

पुढे शिवथरच्या सुरेखाशी त्याचं लग्न ठरलं. सुपारी फुटली. गडी नुसता हवेत. आणि एके दिवशी एसटीत तो मला मोठ्याने सांगत बसला, "काल भाईंच्या कॅफेत तिच्यासाठी किती थांबलो, ती आलीच नाय रे. अंगभर गोंदलेली ती. तिच्याशिवाय माझं काय खरं नाय."

मागच्या सीटवर सुरेखाची आत्या होती.

*

चार दिवसांनी सुरेखाचे वडील कॅफेत हजर. सोबत सुरेखा. "महाडची ती बाई कोण, ते हिच्या डोळ्यांदेखत कळू दे," ते म्हणाले. "खरं असंल तर लग्न मोडलं."

दिन्या खुर्चीतून ताडकन उठला. पोरगी त्याला मनापासून आवडली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाईंनी घाईघाईने गेम लावला आणि पत्ता दाखवला. वडील वाकून बघत राहिले. सुरेखाने विचारलं, "ही करते काय?"

"एकाला गोंदते," दिन्या चाचरत म्हणाला. "त्याची ताकद दुप्पट. पण मग त्याला माघार नाय, शेवटपर्यंत तिथंच ऱ्हावं लागतं."

"मला बघू."

ती खुर्चीत बसली. भाई म्हणाले, "बेटी, त्या उडत्या सापाला गोंद. सगळ्यात भारी तोच आहे."

तिने सगळे पत्ते नीट बघितले. कोपऱ्यात एक काठीवाला गुराखी होता, अगदीच कमजोर. आम्ही कधी त्याला हातसुद्धा लावत नसू. तिने गोंदणारीण उचलली आणि त्याच्यावर ठेवली.

"अगो, हरशील," दिन्या कळवळून म्हणाला.

"हरू दे," सुरेखा म्हणाली.

वडिलांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा दिन्याकडे. मग टोपी नीट केली आणि भाईंना म्हणाले, "गोंदून झालंय. आता मोडायचं काय?"