ओल्या फरशीवर सोललेला पाय

११ मे. सकाळी गच्ची झाडून पाणी मारलं. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडलं की येतो तो वास आला आणि शाळेच्या अंगणातला कराटेचा वर्ग आठवला.

तेव्हा मी सेलूला नववीत होते. सर अनवाणीच शिकवत. संध्याकाळी पाचलाही फरशी चटके देई, म्हणून एक दिवस आम्ही मुलींनी तिच्यावर बादल्या ओतल्या. पाय थंडावले, पण तळव्याची कातडी भिजून मऊ पडली. लाथ मारायला डाव्या पायावर गर्रकन वळले आणि चवड्याची कातडी रुपयाएवढी सोलून निघाली.

दुखण्यापेक्षा धास्ती आईची होती. तिने आधीच बजावलं होतं, "एक जखम दिसली, तं तुया क्लास बंद."

"लंगडून काऊन राह्यली वं?" मैत्रीण सुनीता कुजबुजली. "सरळ चाल, नाई तं तुयी आई माया आईले सांगून मलेबी घरी बसवते."

मी घरापर्यंत सरळ चालले. मोरीत पाय धुतले तर पाणी लाल झालं. वर भराभर पाणी ओतून ते घालवलं. जेवताना पाय मांडीखाली दाबून बसले. आईची नजर खाली वळली की मी पाय आणखी आत ओढायचे. आज माझीही मुलगी आहे, म्हणून आईची काळजी कळते. तेव्हा मला ती फक्त पहारेकरी वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल टेकवेना. मी स्वयंपाकघरात गेले, तळवा आईपुढे धरला आणि म्हणाले, "हयद लाव. पण क्लास मी सोडत नाई."