एका वेळी एकच हात

पद्माक्का बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूपुढं आधी चहा मांडायच्या. चहा आपण प्यायचा आणि वस्तूला हात लावायचा नाही. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो नाहीतर रुसलेली सून. आक्का पदर खोचून दारात उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "थम!" नवऱ्याबरोबर फौजेच्या क्वार्टरांत निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळं परेडची हाक तोंडात बसलेली. "थम! कुनीबी हात लावायचा न्हाई. आदी च्या."

कुंडलमध्ये त्यांचा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास होता आणि मी तिथं शिकवायला जायची. माझं वय पन्नाशीला टेकलेलं, पण अक्कल नुकते दात येऊ लागलेल्या बाळासारखी. दिसेल ते चावून बघायची. कराडला कोर्स करून आले होते. सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी टांगलं होतं. कुणी नुसतं "लाईट गेली" म्हणालं तरी मी म्हणायची, "सर्व्हर डाऊन असेल." सर्व्हर म्हणजे नक्की कुठला डबा, ते मात्र मला विचारू नका.

आक्कांच्या मशिनांना घरातली नावं होती. मुख्य कॉम्प्युटर म्हणजे थोरली, बाकीच्या मधली, धाकटी, नवी. सगळ्यांच्या वायरी भिंतीवरच्या ज्या छोट्या डबीत येऊन मिळायच्या ती चावडी. "कुनाला कुनाशी बोलायचं झालं तर चावडीवरनंच," असं त्या पोरींना शिकवायच्या. मला ते भारी गावंढळ वाटायचं. मी ऐटीत 'नेटवर्क स्विच' म्हणायची. पोरी आक्कांकडं वळून विचारायच्या, "म्हंजी चावडीच न्हवं?"

सरकारी टायपिंगची परीक्षा आमच्याकडं होती त्या सकाळची गोष्ट. प्रश्नपत्रिका थोरलीवर आलेली, तिथून ती बाकीच्यांकडं जायची होती. जाईना. पडद्यावर गोल चक्र फिरतंय आणि फिरतंय. चावडीचे हिरवे दिवे मात्र असे लखलखत होते की मी परीक्षेच्या साहेबांना छातीठोक सांगितलं, "बघा सर, स्विच किती जोरात काम करतोय!"

साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, "काम करतोय तर पेपर कुठाय, बाई? अर्ध्या तासात नाही आला तर बॅच रद्द. पुढच्या परीक्षेला या."

पोरी साहेबांभोवती जमल्या. सगळ्यांत पुढं मंगल. ती आटपाडीकडची. वडील नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागेवर तिला घेणार होते, पण टायपिंगचा दाखला महिन्याअखेर लागणार होता. पुढची परीक्षा तिच्या काय कामाची? तिची आई बाहेर पायरीवर बसून होती.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून दुरुस्ती सुरू केली. मी थोरली बंद करून चालू केली. साहेबांनी धाकटीच्या सेटिंगमधले आकडे बदलले, मी ते परत बदलले. एका पोरीनं मधलीची वायर उपसली, दुसरीनं खुपसली. मध्येच नवीवर पेपर अर्धा दिसला आणि गेला. कशामुळं दिसला? कुणालाच कळेना. प्रत्येकीला वाटलं, आपल्यामुळं.

"थम!"

आक्का दारात उभ्या होत्या. "भाईर. सगळी भाईर. सायेब, तुमीबी."

"अहो बाई, वेळ चाललाय!"

"मग च्या गरम हाय तवरच घ्या."

बशीत चहा ओतणारे साहेब मी पहिल्यांदाच बघितले. मंगल रडायला लागली. तिची आई पायरीवरून म्हणाली, "आवं आक्का, पोरीचं कसं हुईल?" आक्का म्हणाल्या, "एका येळी एकच हात. धा हातांनी गुंता सुटतोय व्हय?"

मग त्या एकट्याच आत गेल्या. मी दाराआडून बघत होते, कारण मला वाटत होतं की शेवटी मलाच बोलावतील. त्यांनी चावडीतली एक वायर काढली. दिवे तसेच पिसाळलेले. ती परत लावली. दुसरी काढली, परत लावली. असं करत करत एक काढली आणि दिवे एकदम शांत झाले. भांडकुदळ माणूस उठून गेल्यावर पंगत गप होते तसे.

ते टोक हातात धरून आक्का वायरीवरून बोटं फिरवत निघाल्या. टेबलाखालून, खुर्चीमागून, भिंतीकडेनं, आणि परत चावडीपाशी आल्या! त्याच वायरीचं दुसरं टोक त्याच डबीत. "ही बघ शाणे," त्या न वळताच म्हणाल्या. "चावडीतनं उठली आन् चावडीतच येऊन बसली. सोताशीच बोलतीया. दुसऱ्याचं काय ऐकू जाईल?"

एक मशीन दुरुस्तीला सांगलीला गेलं होतं, त्याची ती वायर. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून क्लास झाडूनपुसून लख्ख केला होता. लोंबतं टोक बघवेना म्हणून कुणीतरी ते रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवलं होतं.

पेपर आला. मंगल डोळे पुसत टायपिंगला बसली, पास झाली आणि वडिलांच्या कचेरीत रुजू झाली.

पण माझं डोकं तिथंच अडकलं. वायर खोचली कुणी? मी? पोरींनी? का आक्कांनीच? खूप वर्षं विचारलं. कधी म्हणायच्या "उंदरानं", कधी "तुज्या सर्टिफिकिटानं".

सांगलीच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटले तेव्हाही मी विचारलंच. "आक्का, आता तरी सांगा. कुणी लावली?"

त्या हसल्या. आवाज पार खोल गेला होता. "कुनी लावली हुडकत बसलो आसतो, तर कुटं लावली ती घावलीच नसती. मंगल घरी बसली आसती." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "च्या घेतलास का?"

आता आमच्या घरात दर दोन-चार दिवसांनी इंटरनेट जातं. मुलगा सुनेला विचारतो, तू काय दाबलंस? सून नातीकडं बोट दाखवते. मग मी ओरडते, "थम! आधी चहा." दिवसभर चार खोल्यांत चार तोंडं करून बसलेली माणसं ओट्यापाशी येऊन उभी राहतात, एकमेकांशी बोलतात. चहा झाला की मी कपाटामागं हात घालून निघालेली पिन परत खोचते आणि इंटरनेट येतं.

पिन कोण काढतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण कुणी केलं ते हुडकत बसायचं नसतं. आक्का सांगून गेल्यात.