दम्मामच्या ताटात सांगलीची गिरणी

चिनू आणि रेवा,

सौदी अरेबियातल्या दम्मामच्या विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने माझा स्टीलचा डबा उघडला, आत नाक घातलं आणि सलग शिंकत सुटला.

"मामा, हे काय?" (तिकडे वयस्कर बाईला मामा म्हणतात.)

"पीठ," मी म्हटलं. थालीपिठाची भाजणी इंग्रजीत कशी सांगणार? "यल्ला" (चला) म्हणत त्याने घाईने झाकण लावलं.

तुमची मुक्ताताई बाहेर उभी होती. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गाडीत बसताच तिने मला सूचना द्यायला सुरुवात केली. तिला ज्याच्याशी लग्न करायचंय त्या ल्यूकचे वडील, पिएर, फ्रान्सहून आले होते. बोर्डो भागात त्यांचे द्राक्षमळे आहेत आणि ते लाल वाइन बनवतात. "जिला वाइनमधलं काही कळत नाही, ती मुलगी आपल्या घरात काय करणार?" असं त्यांनी मुलाला विचारलं होतं.

"म्हणून आजी, आपल्या बेदाण्यांचा विषय काढायचा नाही."

"मी कशाला काढीन?"

संध्याकाळी समुद्रकाठी फिरून आलो. हवा इतकी दमट की चष्मा सारखा पुसावा लागत होता. रात्री मुक्ताकडे जेवण होतं. ल्यूकने कबसा (मसालेदार मटण-भात) आणला होता. मी थालीपिठं लावली आणि वांग्याचं भरीत केलं. तिथे दारूला बंदी, म्हणून ल्यूकने उंच पेल्यांत द्राक्षाचा रस ओतला. पिएररावांनी तो हुंगला आणि एरंडेल असावं तसा दूर सारला.

पण बोलण्यावर बंदी नव्हती. त्यांची वाइन म्हणजे तीन द्राक्षांचं मिश्रण: काबेर्ने सोव्हिन्यों कणा देतं, मर्लो अंग भरतं आणि चिमूटभर काबेर्ने फ्रां सुगंध देतं. तिच्यात सुपारीसारखा तुरटपणा असतो, म्हणून ती भाजलेलं मटण, अळंबी, जुनं चीज अशा भरभक्कम पदार्थांबरोबर शोभते.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आमच्या सांगलीकडे द्राक्षं वाळवतात. तुम्ही सडवता, एवढाच फरक."

टेबलाखाली मुक्ताने माझा पाय तुडवला. ल्यूकने भाषांतर करायला जरा जास्तच वेळ लावला. पिएररावांनी काटा खाली ठेवला. आता हे लग्न माझ्याच जिभेने मोडणार, असं मला वाटलं.

विषय बदलायला मी घाईने थालीपीठ वाढलं. मुक्ताने एक घास खाल्ला आणि ती थबकली.

"आजी, गिरणीत तुझ्या आधी कुणीतरी मेतकूट दळलंय."

"काहीतरीच! भाजणी शुद्ध आहे."

"मेथीचा वास येतोय. हिंगाचाही."

पाहुण्यांसमोर माझ्या भाजणीला नाव! मी तिथल्या तिथे शेजारच्या कुलकर्णीवहिनींना फोन लावला. दळणाच्या रांगेत त्याच माझ्यापुढे होत्या. त्या झोपेतून उठून म्हणाल्या, "अगं, मेतकूटच होतं माझं. का गं?"

मुक्ताने हे ल्यूकला आणि ल्यूकने वडिलांना सांगताच पिएरराव उभेच राहिले.

"पिंप नीट धुतलं नाही, तर आमच्याकडेही जुन्या वाइनचा वास नव्या वाइनला लागतो. तो ओळखायला मला कित्येक वर्षं लागली!" मग ते मुक्ताला म्हणाले, "वाइन प्यायलाच हवी असं नाही. हे नाक मात्र आमच्या घरात हवं."

नंतर त्यांनी लोण्याशी आणखी दोन थालीपिठं संपवली. "याला तरुण वाइन हवी. म्हातारी दबून जाईल."

"आमच्याकडे म्हातारी दबत नाही," मी म्हटलं. या वेळी ल्यूकने भाषांतर लगेच केलं आणि पिएरराव खो खो हसले.

लग्न फ्रान्समध्ये, द्राक्षतोडणी आटोपल्यावर. तुम्ही दोघांनी यायचंच आहे. नातवंडांच्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं. माझी चूक निघाल्याने एखादीचं लग्न जमेल, असं वाटलं नव्हतं.

मी काल सांगलीला परतले. पिएररावांचा निरोप माझ्या आधीच येऊन पोचला होता: लग्नात भाजणी हवी, पण अगदी तशीच, मेथीच्या वासाची. म्हणून धान्य भाजून, डबा भरून ठेवला आहे आणि वहिनी आता मेतकूट कधी दळणार, याची वाट पाहत बसले आहे.

— आजी