चालू, बंद, चालू

घरात चार सेन्सर लावले की किस्से आपोआप जमायला लागतात. बोलवावं लागत नाही. दिवा कुणी न लावता लागतो, पडदा भलत्या वेळी सरकतो आणि पाच मिनिटांत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोपऱ्याकडे बघून नमस्कार करतं!

आम्ही चौघं हा उद्योग छंद म्हणून करतो. मी, मुक्ता. हिंजवडीत नोकरी. अनिकेत, त्याच कंपनीतला, गेमिंगचा वेडा. सोमनाथ, धायरीचा, ज्याच्या बंगल्यावर आमचे अर्धे प्रयोग होतात. आणि आपटेकाका, बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे रिटायर्ड इन्स्ट्रुमेंटवाले, म्हणजे कारखान्यातली मापक यंत्रं दुरुस्त करणारे. मला म्हाताऱ्यांशी वाद घालायचा मनस्वी कंटाळा आहे, पण काकांशी वाद घालता येत नाही. ते शेवटी बरोबर निघतात. हे जास्त चीड आणणारं आहे.

काकांनी एक वही घातली आहे. काय झालं, किती वाजता, कारण. तीन रकाने. अनिकेतने कव्हरवर मार्करने 'भुतं' लिहिलं होतं, काकांनी ते खोडून 'बिघाड' केलं. नियम एकच: तोच बिघाड तीनदा मुद्दाम घडवून दाखवल्याशिवाय कारण लिहायचं नाही. कारणाच्या रकान्यात काकांच्या बारीक अक्षरात 'पाल', 'सैल वायर', 'शेजाऱ्यांचा रिमोट' असं भरलेलं आहे.

एक ओळ सोडून.

*

पहिला किस्सा धायरीचा. सोमनाथच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आणि त्याला गेमिंग कन्सोल. एका दुपारी सगळी जेवून उठली, तर टीव्ही आपोआप लागला. गेममधला माणूस रस्त्यावर उभा. मग तो चालायला लागला. सावकाश, घाई नसल्यासारखा. चालत चालत एका घरात शिरला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हे तीन दिवस झालं. रोज तीच वेळ. तोच कोपरा.

सोमनाथचे आप्पा म्हणजे गडी जबरदस्त, पण तिसऱ्या दिवशी ते हॉलमधून उठून ओट्यावर जाऊन बसले. "त्यो बघत न्हाय आपल्याकडं," ते म्हणाले, "पर त्येला माहीत हाय आपण हितं हाय."

हे ऐकून माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

काकांनी सोफ्याची गादी उचलली. खाली जुना कंट्रोलर, बटण दाबलेलं, दांडी एका बाजूला कललेली. सोमनाथची आई रोज जेवण झालं की त्याच जागी पाठ टेकायची. काकांनी तिला तीनदा बसवलं. तीनदा माणूस कोपऱ्यात गेला.

"लिहा," सोमनाथची आई म्हणाली, "कारण: म्हातारी!"

कन्सोलला मात्र अजून हळदीकुंकू लावतात.

*

अनिकेतची खोली हिंजवडीत. थंडीत तो हीटर लावत नाही. गेमिंगचा पीसी लावतो. ते धूड तासाभरात खोली गरम करतं. दरमहा विजेच्या बिलाकडे बघून तो म्हणतो, "हीटर असता तर नुसती ऊब मिळाली असती. इथे ऊब आणि करमणूक!"

पण जानेवारीत त्याच्या फोनवर विचित्र आलेख दिसायला लागला. आम्ही ऑफिसात, खोलीला कुलूप, आणि सकाळी दहानंतर खोलीचं तापमान हळूहळू चढायचं. बारा वाजता उतरायचं. एकदा तो सुट्टी टाकून बाराच्या ठोक्याला घरी गेला. कुणी नाही. त्याने खुर्चीवर हात ठेवला.

खुर्ची गरम होती.

त्याने मला तिथूनच फोन केला. आवाज असा की मी मीटिंग सोडून बाहेर आले. "मुक्ता, गेम पुढे गेलाय," तो म्हणाला. "मी जिथे महिनाभर अडकलो होतो ना, ती लेव्हल पार झालीये."

कारण: स्वयंपाकाच्या मावशी. जादा किल्ली त्यांच्याकडे. कुकर होईपर्यंत गारठलेले हात शेकायला पीसी लावायच्या आणि शेकता शेकता खेळायच्या. "दादा, तुम्ही उगाच बंदूक घेऊन धावता," त्या म्हणाल्या, "तिथं दाराआड गप बसायचं असतं."

अनिकेतला भूत परवडलं असतं.

*

आता आमच्या घरचा. आई होती तेव्हाचा.

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं जुनं बटण सैल होतं. एकदा दाबून पंखा लागायचा नाही. आईला सवय लागली: चालू, बंद, चालू. टक टक टक. मी नवं स्मार्ट स्विच बसवलं तरी तिची बोटं जुन्याच तालात. आता गंमत अशी की ते स्विच भराभर तीनदा दाबलं की स्वतःला रिसेट करतं. म्हणजे आईने पोळ्यांना तवा ठेवला की माझं सेटिंग साफ!

"आई, एकदाच दाब!"

"एकदाच दाबलंय."

"तीनदा दाबलंस. मला फोनवर दिसतं."

"मग फोनवरच पोळ्या भाज."

रोज हेच. मी ऑफिसातून फोन करून ओरडायचे, "एकदाच दाब गं!" शेवटी मी ते रिसेट बंदच करून टाकलं. फक्त एक अलर्ट ठेवला: ते बटण तीनदा दाबलं की माझा फोन वाजायचा. म्हणजे ओरडायला पुरावा असावा.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. अलर्ट काढायचा राहून गेला.

*

मग बाबा एकटे राहिले; मी नोकरीपायी हिंजवडीतच राहते. बंगळुरूचा दादा म्हणाला, त्यांना मी घेऊन जातो, फ्लॅटला कुलूप लावू. बाबा म्हणाले, मी इथून हलणार नाही. मी मध्ये पडले. म्हटलं, घरात सेन्सर लावते, लक्ष माझं राहील.

दादाने अट घातली. "थंडी संपेपर्यंत बघतो. एक जरी गडबड झाली, तर बाबांचं तिकीट काढणार."

मी हो म्हटलं. चॅलेंज दिलं की मला राहवत नाही.

बाबांच्या झोपायच्या खोलीत, आत किती माणसं आहेत ते मोजणारा सेन्सर बसवला. पहिल्याच दिवशी त्याने दाखवलं: दोन. बाबा एकटे पेपर वाचत होते. फोन करून विचारलं, "कोण आलंय?" म्हणाले, "कुणी नाही." फोनवर आकडा दोन. असं आठवडाभर. बाबा स्वयंपाकघरात गेले की आकडा एक. खोली रिकामी, आणि आकडा एक.

आपटेकाका वर आले. खोलीत उभं राहून त्यांनी पंधरा मिनिटं एकेक कोपरा न्याहाळला. मग त्यांनी दार ओढलं. दारामागे हुकाला आईची साडी. खिडकीच्या झुळुकीने तिचा पदर हलत होता, जेमतेम, श्वास घेतल्यासारखा. साडी घडी करून ठेवली, आकडा उतरला. परत लावली, चढला. तीनदा.

काकांनी कारण लिहिलं, 'साडी', आणि ती घडी करून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती उलगडली आणि परत हुकाला लावली.

"दोन राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, सेन्सर चुकतोय!"

"चुकू दे."

हे मोठ्यांचं मला पटतच नाही. चूक आहे हे कळतं, तरी राहू दे! मी त्यांचं ऐकलं नाही. साडीला हात लावला नाही, पण सेन्सरची नजर मंद केली. बारीक हालचाल दिसू नये अशी. आकडा एकवर आला. मी खूश.

*

शेवटचा.

बाबांच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही. त्यांच्या खोलीत मी तेलाचा हीटर ठेवला होता आणि त्याला सेन्सर जोडला होता. खोलीत दहा मिनिटं माणूस दिसला नाही की हीटर बंद. सुरक्षित! दादाला मी हे कौतुकाने सांगितलंही होतं.

आता बाबा शब्दकोडं सोडवायला बसले की पुतळा होतात. मंद केलेल्या सेन्सरला ते दिसेनात. बाबा खुर्चीत, आणि आकडा शून्य. हीटर बंद. मग त्यांनी हात हलवायचा, की परत चालू.

"मी आहे की गेलो, हे तुझा हीटर दर दहा मिनिटांनी विचारतो," ते म्हणाले.

"मग हलत राहा ना बाबा जरा!"

मी खरंच असं म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. एके सकाळी मी ऑफिसात असताना त्यांनी माळ्यावरून जुनी लोखंडी शेगडी काढली, कोळसे पेटवले, ती खोलीत नेली. गारठा आत येऊ नये म्हणून खिडकी लावली, दार लावलं आणि कोडं घेऊन बसले. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण शेगडी ठाऊक नव्हती. माझ्या फोनवर त्या खोलीचा आकडा शून्य होता. मला वाटलं, स्वयंपाकघरात असतील.

आणि अकरा बावीसला फोन वाजला. तो जुना अलर्ट.

एक्झॉस्ट फॅन. चालू, बंद, चालू.

माझं डोकंच फिरलं. आता बाबाही तेच करायला लागले! मी बाबांना फोन लावला. रिंग जाऊन थांबली. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला नाही, तेव्हा मी आपटेकाकांना लावला. "काका, वर जा आणि बाबांना सांगा, एकदाच दाबा म्हणावं! आणि फोन का उचलत नाहीत?"

काका त्यांच्याकडची जादा किल्ली घेऊन गेले. खोलीचं दार उघडलं तेव्हा बाबांची मान छातीवर पडलेली होती. काकांनी खिडक्या उघडल्या, त्यांना खुर्चीसकट ओढत गॅलरीत आणलं, रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टर म्हणाले, आणखी पाऊण तास गेला असता तर.

बाबा वाचले. घरी आले. शेगडी काकांनी स्वतःच्या घरी नेली, हीटरचा नियम मी माझ्या हाताने पुसला.

मग काका वही घेऊन बसले. स्विचची नोंद बटण कसं दाबलं तेही सांगते: फोनवरून, आपोआप की हाताने. तिन्ही वेळा 'हाताने'. दाराच्या सेन्सरप्रमाणे मुख्य दार सकाळी दूध घेतल्यावर उघडलंच नव्हतं, थेट काकांनी उघडेपर्यंत. बाबांना विचारलं. ते म्हणाले, साडेदहाला बसलो तो उठलोच नाही, आणि एक्झॉस्ट कशाला लावू?

काकांनी स्विच उघडलं. वायरी घट्ट. पाल नाही, मुंगी नाही. मेन बंद-चालू करून पाहिली, भिंतीवर ठोकून पाहिलं. तीन दिवस. एकदासुद्धा आपोआप दाबलं गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पेनला टोपण लावलं.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "मी तिकीट काढतोय. तुझे सेन्सर असू देत, पण बाबा घरात एकटे होते, हो की नाही?"

मी पान उघडलं. वहीतली ओळ वाचून दाखवली. अकरा बावीस, चालू. अकरा बावीस, बंद. अकरा बावीस, चालू. तिन्ही हाताने.

दादा आमच्याच स्वयंपाकघरात मोठा झालाय. ती टक टक टक त्याला समजावून सांगावी लागली नाही. तिकिटाचा विषय त्याने त्यानंतर कधीच काढला नाही. त्या दिवशी फक्त एकच विचारलं, अगदी हळू आवाजात.

"मुक्ते, तू परत तिच्यावर ओरडली नाहीस ना?"