सगळ्यायसाठी

मेडशीच्या वच्छलाबाईचा जन्म शेतमजुरीत गेला. लहानपणी मामाकडे इंझोरीला जाताना गावातल्या मोठ्या घराची बैलगाडी रिकामी चालायची आणि ती मायचं बोट धरून मागची धूळ खात चालायची. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीला त्या गाडीत बसायची मुभा नव्हती.

सत्याहत्तर साली तिची लेक विशाखा अकोल्याच्या कॉलेजात गेली. दिवाळीला वच्छलाबाई तिला आणायला गेली. परतताना एसटीत लेक म्हणाली, "माय, बस या शब्दाचा अर्थ सांग बरं."

"बसाची गाडी थे बस! त्यात काय शिकाचं?"

"नाई वं! पुरा शब्द ऑम्निबस. लॅटिन नावाची लय जुनी भाषा हाय, तिच्यात त्याचा अर्थ 'सगळ्यायसाठी'. लोकायनं पुढचं गाळलं अन् शेपूट ठेवलं."

वच्छलाबाई ताडकन उभी राहिली. "सगळ्यायसाठी? आपल्यासाठीबी?"

"आपल्यासाठीबी."

दांडा धरून वच्छलाबाईनं साऱ्या गाडीला ओरडून सांगितलं, "आयका हो, या गाडीचं नावच सगळ्यायसाठी हाय!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग माह्या कोंबडीले तिकीट काहून लावलं?"

कंडक्टरसकट गाडी हसली. वच्छलाबाई मात्र मेडशी येईस्तोवर बसलीच नाही. जो चढेल त्याला शब्दाचा अर्थ सांगत राहिली.

पुढच्या जूनमध्ये वस्तीतल्या आणखी दोन पोरींना तिनं स्वतः अकोल्याच्या गाडीत चढवून दिलं.