गोळ्यांचा वानवळा

माझ्या चुलत सासऱ्यांना सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या सगळ्या नांदे गावात सापडणार नाही. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. चहा ते अंगणात येरझाऱ्या घालत पितात, रिकाम्या बसमध्येही दांडा धरून उभे राहतात, आणि त्यांची दाढी करायची म्हणजे न्हाव्याला आधी त्यांच्यामागे अंगणात चार फेऱ्या माराव्या लागतात. आमच्या लग्नाच्या पंगतीत ते पानावर बसले खरे, पण जेवण संपेपर्यंत तीनदा उठून वाढप्यांना शिस्त लावून आले. निम्मी जमीन विकल्यावर तर पायांना कामच उरलं नाही. त्या जागी इमारत झाली, तरी मामा रोज सकाळी तिच्या फाटकाशी जाऊन आपली विहीर नेमकी कुठे होती ते रखवालदाराला सांगतात. त्या बिचाऱ्याला मराठी येत नाही, तो मान डोलावतो. घरात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "जरा बसा की."

या धावपळीत पोटानेही भाग घेतला होता. वर्षानुवर्षं छातीखाली आग. तिच्यावर थंड दूध, खायचा सोडा, चुन्याची निवळी, जो जे सांगेल ते करून झालं. शेवटी मीच हट्टाने डॉक्टरांकडे नेलं, नळी घालून पाहिलं, तेव्हा जठरात जंतू सापडले. मी बावधनच्या एका प्रयोगशाळेत नेमक्या त्याच जंतूंवर काम करते. इतकी वर्षं घरात राहिलेला पाहुणा एकदा तरी बघावा, म्हणून मामांना तिथे घेऊन गेले. पडद्यावर पिळदार जंतू शेपट्या हलवत पळत होते. मामा चक्क थांबले.

मी सांगितलं, हे पोहत पोहत, वास काढत जठराच्या अस्तरातल्या खोल खड्ड्यांत शिरतात. तिथे पोचले की शरीर चवताळतं, आपलं सैन्य पाठवतं, आणि ही तुमची आग म्हणजे मुख्यतः त्या सैन्याचीच धामधूम. जंतू हटत नाहीत, सैन्य माघार घेत नाही, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. काही जंतूंचं दिशेचं भान आम्ही काढून घेतो. ते मरत नाहीत, बरेचसे वरच्यावर भटकत राहतात, आणि शरीर त्यांच्यावर तितकं चिडत नाही.

मामा विचारात पडले. "म्हंजी खोलात शिरणाऱ्यावरच कुत्री भुकत्यात," ते म्हणाले. "आन् ते दुसरं, दिशा नसल्यालं, ते जगून करतंय काय?"



चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या. एकही चुकवायची नाही, हे मी तीनदा बजावलं होतं. पाचव्या दिवशी आग विझली आणि सहाव्या दिवशी मामा उरलेल्या गोळ्या रुमालात बांधून टेकडीखाली गेले. तिथे त्यांचा जुना दोस्त राहतो, शेळ्यामेंढ्या राखणारा एकटा म्हातारा. त्याच्याही पोटात अशीच आग. नवं पीक निघालं की थोडं आधी दुसऱ्याच्या घरी पोचवायचं, त्याला वानवळा म्हणतात. आता पीक फारसं निघत नाही, पण मामांचा हात काही आखडत नाही. आपल्याला गुण आला, तर दोस्ताला नको का? आम्हाला पत्ताच नाही. त्या गोळ्यांनी दोस्ताला तात्पुरता आराम पडला आणि तो डॉक्टरांकडे जायचा राहिला तो राहिलाच. दोन महिन्यांनी मामांची आग परतली. आणि त्याच आठवड्यात दोस्ताला रक्ताची उलटी झाली.

दवाखान्यातल्या बाकावर मी मामांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी चहा आणला, तो निवून गेला. "सूनबाई, वानवळा म्या दिलाय," एवढंच म्हणाले. मला रागवायचं होतं, पण मी निवलेला कप उचलून दुसरा चहा आणायला गेले.

दोस्त वाचला. मग दोघांचंही औषध एकाच दिवशी सुरू झालं. मामांचा दोस्तावर विश्वास नव्हता आणि स्वतःवर तर त्याहून नव्हता. म्हणून ते रोज सकाळ-संध्याकाळ टेकडीखाली चालत जायचे आणि दोघं एकमेकांसमोर तोंड उघडून गोळी गिळल्याचा पुरावा द्यायचे. चौदा दिवस असं चाललं. पुढे तपासणीत दोघांचंही पोट साफ निघालं. तरी मामांचं जाणं काही थांबलं नाही. गोळ्या संपल्या, आता कशाला जाता, असं विचारलं की म्हणतात, "त्यो वाट बघतो न्हवं."

परवा सुट्टी होती, मीही त्यांच्याबरोबर निघाले. अर्ध्या वाटेवर, नव्या इमारतीसाठी आणून टाकलेल्या दगडांवर मामा बसले. चप्पल चावते म्हणाले. चप्पल जुनी, पायात मुरलेली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोटात आग नाही, कुठे दुखणं नाही, सगळं कसं शांत. इतका वेळ ते फक्त दवाखान्यातल्या त्या बाकावर बसले होते; मला ती शांतता मुळीच आवडली नाही. इतकी वर्षं त्यांना बसा बसा म्हणणारी मी, त्यांच्यापुढे हात केला आणि म्हटलं, "मामा, उठा. ते वाट बघत असतील."